सुधीर कक्कर

सुधीर कक्कर (जन्म : नैनिताल, २५ जुलै १९३८, मृत्यू : २२ एप्रिल २०२४) हे भारतीय मनोविश्लेषक, संस्कृती व मन यांच्या संबंधांचे अभ्यासक आणि इंग्रजी लेखक होते. युरोपात विकसित झालेली मनोविश्लेषणाची उपचारपद्धती भारतीय रुग्णांना कितपत लागू पडते, हा त्यांच्या लेखनाचा मध्यवर्ती प्रश्न होता. मानवी मनाविषयीचे सार्वत्रिक सत्य कोणते आणि युरोपीय मध्यमवर्गीय जीवनातून आलेली गृहीतके कोणती, हे वेगळे केल्याशिवाय भारतीय रुग्णाचे दुःख नीट समजणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

== पूर्वायुष्य आणि शिक्षण ==

कक्कर यांचे वडील ब्रिटिश राजवटीत दंडाधिकारी होते. त्यामुळे त्यांचे बालपण सरगोधा (आता पाकिस्तानात), रोहतक अशा ठिकाणी गेले. अहमदाबाद येथे मावशी कमला चौधरी यांच्याकडे राहून त्यांनी गुजरात विद्यापीठाची यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यानंतर जर्मनीतील मानहाइम येथे व्यवसाय-अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

१९६०च्या दशकाच्या मध्यास अहमदाबाद येथे त्यांची भेट मनोविश्लेषक एरिक एरिकसन यांच्याशी झाली. एरिकसन त्या वेळी महात्मा गांधी आणि १९१८चा अहमदाबादचा गिरणी संप यांचा अभ्यास करीत होते. त्यातूनच ‘गांधीज ट्रूथ’ (१९६९) हा ग्रंथ सिद्ध झाला. या भेटीने कक्कर यांच्या आयुष्याची दिशा बदलली. त्यांनी काही काळ हार्वर्ड विद्यापीठात एरिकसन यांचे साहाय्यक म्हणून काम केले आणि १९७१पासून फ्रँकफुर्ट येथील सिग्मंड फ्रॉइड इन्स्टिट्यूटमध्ये मनोविश्लेषणाचे प्रशिक्षण घेतले. या प्रशिक्षणात विश्लेषकाला स्वतःचेही विश्लेषण करून घ्यावे लागते. कक्कर यांचे विश्लेषण जर्मन भाषेत झाले. विश्लेषकाच्या तटस्थपणाचा अनुभव आणि आपल्या मनातील गुरुशिष्य नात्याची अपेक्षा यांतील अंतर त्यांना तेथे प्रथम जाणवले. पुढे या अनुभवाविषयी त्यांनी लिहिले.

१९७०च्या दशकाच्या मध्यास भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीत खासगी व्यवसाय सुरू केला. भारतात मनोविश्लेषणाची परंपरा त्यापूर्वीची आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकाता येथे इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटीची स्थापना केली होती. भारतीय पुरुषांच्या मनाविषयी फ्रॉइडपेक्षा वेगळी निरीक्षणे नोंदवणाऱ्या बोस यांच्या पत्रव्यवहाराची व लेखनाची दखल कक्कर यांनी घेतली.

== उपचारविषयक दृष्टिकोन ==

मनोविश्लेषणात रुग्ण मनात येईल ते न गाळता बोलतो. त्याच्या बोलण्यातून, स्वप्नांतून आणि विश्लेषकाविषयी त्याच्या मनात उमटणाऱ्या भावनांतून अबोध मनातील संघर्ष उलगडत जातात. बालपणातील नात्यांच्या भावना विश्लेषकाकडे वळण्याच्या प्रक्रियेस भावसंक्रमण म्हणतात. कक्कर यांनी ही मूळ पद्धत सोडली नाही, मात्र भारतीय रुग्ण तिच्याकडे कोणत्या अपेक्षेने येतो याकडे त्यांनी लक्ष वेधले.

=== गुरूची अपेक्षा ===

भारतीय रुग्ण विश्लेषकाकडे बहुधा गुरू म्हणून पाहतो, असे कक्कर यांचे निरीक्षण होते. त्याला उपदेश, आश्वासन आणि कृपा हवी असते. आपल्याच गतायुष्याचा शोध घेतल्याने बरे वाटेल, ही कल्पना त्याला अपरिचित असते. भारतीय परंपरेतही अंतर्मुखतेला मोठे स्थान आहे, परंतु तिचा रोख आत्मज्ञानाकडे असतो, व्यक्तीच्या जीवनातील घटनांकडे नसतो. त्यामुळे गुरूची अपेक्षा हा केवळ उपचाराला होणारा विरोध मानून चालत नाही. विश्लेषकाने ती ओळखून तिच्यामागील भावना समजून घ्यावी लागते. तिला पूर्णपणे शरण गेल्यास मात्र रुग्णाचा स्वतःविषयीचा शोध थांबतो.

=== कुटुंब आणि स्वातंत्र्य ===

पहिल्या भेटीस अनेकदा रुग्णासोबत नातेवाईक येत आणि त्याचे स्वतःच्या मताने वागणे हेच आजाराचे लक्षण म्हणून सांगत, असे कक्कर यांनी नोंदवले आहे. याउलट, पाश्चात्त्य प्रशिक्षण घेतलेला उपचारक स्वायत्ततेला मानसिक आरोग्याची खूण समजतो. अशा वेळी कुटुंबाशी असलेली जवळीक आजार मानली, तर निरोगी नात्यावर घाव बसतो. आणि सर्व काही ‘संस्कृती’ म्हणून सोडून दिले, तर रुग्णाची खरी घुसमट दुर्लक्षित राहते. या दोन्ही चुका टाळणे हे कक्कर यांच्या मते भारतातील उपचारकाचे अवघड काम होते. भारतीय व्यक्तीचा ‘स्व’ नात्यांतून घडतो, असे ते मांडत.

=== आई आणि मुलगा ===

‘द इनर वर्ल्ड’ (१९७८) या ग्रंथात कक्कर यांनी हिंदू समाजातील बालपणाचे विवेचन केले. मुलग्याचे आईशी दीर्घकाळ टिकणारे निकटचे नाते आणि त्यातून येणारी ओढ व भीती यांना त्यांनी महत्त्व दिले. पृथ्वीप्रदक्षिणेच्या पैजेत गणपती आईभोवती फिरतो आणि स्कंद दूर निघून जातो, ही कथा त्यांनी या संदर्भात वापरली. जवळ राहणे आणि वेगळे होणे या मुलाच्या दोन परस्परविरोधी इच्छा त्यांना तीत दिसल्या.

== पारंपरिक उपचारांचा अभ्यास ==

‘शमन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स’ (१९८२) या ग्रंथासाठी कक्कर यांनी दिल्लीतील एका दर्ग्याचे पीर, राजस्थानातील मेहंदीपूरचे बालाजी मंदिर, तांत्रिक परंपरा आणि आयुर्वेद यांचा अभ्यास केला. या उपचारांना अंधश्रद्धा म्हणून त्यांनी बाजूला सारले नाही. मेहंदीपूर येथे रुग्णाचा क्रोध किंवा कामेच्छा ‘भुता’च्या तोंडून व्यक्त होते आणि कुटुंबही उपचारात सहभागी होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ‘द ॲनालिस्ट अँड द मिस्टिक’ (१९९१) या पुस्तकात रामकृष्ण परमहंसांच्या अनुभवांचा विचार करताना, गूढानुभव म्हणजे केवळ बालपणाकडे परतणे होय, या मताची त्यांनी फेरतपासणी केली. ‘द कलर्स ऑफ व्हायोलन्स’ (१९९५) हा ग्रंथ हैदराबादमधील हिंदू-मुस्लिम दंगलींच्या अभ्यासावर आधारित आहे.

== टीका ==

कक्कर यांचे निष्कर्ष मुख्यतः उच्चवर्णीय, शहरी हिंदू पुरुषांच्या अनुभवावर बेतलेले असून ते सर्व भारतीयांना लागू करता येत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनली कुर्ट्‌झ यांनी ‘ऑल द मदर्स आर वन’ (१९९२) या ग्रंथात वेगळा आक्षेप घेतला. एकत्र कुटुंबात मुलाचे संगोपन अनेक स्त्रिया करतात, त्यामुळे एकट्या आईवर भर देणारे विवेचन पाश्चात्त्य चौकटीतच राहते, असे त्यांचे म्हणणे होते.

== उत्तरायुष्य आणि सन्मान ==

कक्कर यांनी शिकागो विद्यापीठात आणि फ्रान्समधील इन्सियाड या संस्थेत अध्यापन केले. वेंडी डॉनिगर यांच्यासह त्यांनी ‘कामसूत्रा’चे इंग्रजी भाषांतर (२००२) केले आणि ‘द ॲसेटिक ऑफ डिझायर’ (१९९८) यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या. १९९८ मध्ये त्यांना जर्मनीचे गटे पदक मिळाले. दिल्लीतील व्यवसायानंतर ते लेखिका व पत्नी काथारिना कक्कर यांच्यासह गोव्यात स्थायिक झाले. दोघांनी मिळून ‘द इंडियन्स’ (२००७) हा ग्रंथ लिहिला. ‘अ बुक ऑफ मेमरी’ (२०११) हे कक्कर यांचे आत्मकथन आहे.