आटपाडीचा बिनभिंतीचा तुरुंग

गटात शिलाई मशीन आली, शेवयांचं यंत्र आलं, की आपण म्हणतो, हाताला काम मिळालं, आता बाई उभी राहील. आज आम्ही अशा माणसांबद्दल बोलणार आहोत, ज्यांना काम द्यायला कोणी धजत नाही. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांबद्दल.

तुरुंगात काम पूर्वीपासून होतंच. 'खडी फोडायला जाशील' असं वाडवडील उगीच म्हणत नसत. दळण दळा, खडी फोडा. अंदमानात तर माणसाला बैलासारखं तेलाच्या घाण्याला जुंपत. पण ते काम शिक्षा म्हणून होतं. सुटल्यावर त्यातलं काय उपयोगी पडणार? १९१९-२० च्या तुरुंग समितीने सरकारला सांगितलं, की कैद्याला नुसती जरब बसवून भागत नाही, त्याला सुधारायलाही हवं.

आपल्याकडे हे करून दाखवलं औंध संस्थानाने. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे. १९३९ साली त्यांनी कारभार प्रजेच्या हाती सोपवला. त्या कामात मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर मदतीला होते. गांधीजींच्या विचारांचे, त्यांना भारतानंद म्हणत. त्याच सुमारास त्यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत वसली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर.

तिथे उंच भिंत नव्हती. कैदी शेती करत, आणि बायकामुलं सोबत राहत. आम्हाला यातली हीच गोष्ट मोठी वाटते. घरचा माणूस तुरुंगात गेला, की शिक्षा त्याला एकट्याला होत नाही. बायको मजुरीला जाते, पोरांची शाळा सुटते, भावकी तोंड फिरवते. स्वतंत्रपुरात चूल मोडली नाही. पळायला वाट मोकळी होती; पण आपल्या हातचं उभं पीक आणि पोरंबाळं सोडून माणूस पळेल कुठे?

याच मातीतले ग. दि. माडगूळकर. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. आपल्यातल्या कितीतरी जणींनी तो पाहिला असेल. ती वसाहत आजही आहे. पैठण, मोर्शी, येरवडा इथेही खुली कारागृहं आहेत. मोठ्या तुरुंगांत सुतारकाम, विणकाम, शिवण चालतं. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सक्तमजुरीच्या कैद्यालाही कामाचा रास्त मोबदला द्या, आणि त्यातला काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी ठेवा. हे आम्हाला पटतं. ज्या घराचं वाटोळं झालं, त्या घराला विसरून कोणाची सुधारणा होत नाही.

पण मैत्रिणींनो, शिवण शिकून बाई सुटली आणि गावात तिच्याकडे कोणी ब्लाउजसुद्धा शिवायला टाकलं नाही, तर ते शिकणं वाया गेलं. तुरुंग हुन्नर देऊ शकतो, गिऱ्हाईक देऊ शकत नाही. ते गावच देतं.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच बोला: अशी एखादी बाई उद्या आपल्या दारात आली, तर तिला सतरंजीवर जागा देणार का? स्वतंत्रपुराने भिंत पाडून दाखवली. गावच्या मनातली भिंत आपल्यालाच पाडायची आहे.