पल्ला मोजणाऱ्या यंत्राची कुळकथा

सिल्वासाच्या टोकरखाड्यातल्या एखाद्या नव्या इमारतीत फर्निचरचं काम चाललं असेल, तर सुताराच्या हातात हल्ली पट्टीऐवजी लेझरचं मापक दिसतं. भिंतीवर लाल ठिपका पडतो, पडद्यावर आकडा येतो, काम पुढे चालू. याच कुळातलं थोरलं यंत्र ऑनलाइन दुकानांत मिळतं. एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण, खोक्यावर शिंगं उभारलेलं हरीण आणि शेजारी ठळक अक्षरांत २,००० यार्ड. लांबून शिकार करणाऱ्यांसाठी बनवलेलं. सिल्वासात कुणी ते विकत घेतलंच, तर त्याचं करायचं काय?

शिकार तर करता येणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यातही शिकारीच्या परवान्यांची सोय शिल्लक होती, ती १९९१च्या दुरुस्तीने गेली. पिकात घुसणाऱ्या जनावरासाठी लेखी परवानगी मिळू शकते, पण तो अपवाद. दादरा नगर हवेलीत सुमारे ४० टक्के भूभाग जंगलाचा आहे, २०००पासून अभयारण्यही आहे. सातमालियाच्या उद्यानात चितळं दिसतात ती पाहण्यासाठी.

या यंत्राची गरज कशी पडली, हे समजायला शिकारीच्याच वाटेने थोडं मागे जावं लागतं. वारली-कोकण्यांच्या तीर-कामठ्याला अंतर मोजायची गरज नव्हती. वारा बघून, पाचोळा न वाजवता सावजाच्या जवळ जायचं. सगळी कारागिरी जवळ जाण्यात होती. हाकारा घालून जनावर मचाणाखाली आणायचं, तेही त्याचसाठी. ठासणीच्या बंदुकीनेही हा हिशोब फारसा मोडला नाही. मोडला तो रायफलीने. नळीतल्या पिळामुळे गोळी लांब आणि सरळ जाऊ लागली, आणि माणसाचा डोळा मागे पडला.

गोळी सरळ जाते म्हणतात, पण निघाल्या क्षणापासून ती खालीही येत असते. सेकंदाला ८०० मीटर वेगाची गोळी ४०० मीटर गाठेपर्यंत अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात ती सव्वा मीटर खाली आलेली असते. ५०० मीटरवर हाच उतार १.९ मीटरच्या घरात. हवेचा अडथळा धरला तर आणखी जास्त. म्हणजे ५०० मीटरवरचं जनावर ४००वर आहे असं समजून नेम धरला, तर गोळी निदान ३८ सेंटीमीटर खाली लागणार. चितळ खांद्याशी जेमतेम ९० सेंटीमीटर. नेम चुकला तर एक वेळ बरं. पाय मोडून पळालेलं जनावर हे शिकाऱ्याच्या माथी लागणारं खरं पाप.

पण हे यंत्र हरणासाठी जन्मलं नाही. त्याचा जन्म फौजेतला. १८८८मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने पायदळासाठी अंतरमापक हवा अशी जाहिरात दिली आणि लीड्सच्या दोन प्राध्यापकांनी, आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड यांनी, ती मनावर घेतली. त्यांच्या लांब नळीच्या दोन्ही टोकांना खिडक्या होत्या. दोन्हींतून आलेल्या चित्राच्या अर्ध्या-अर्ध्या पट्ट्या मध्ये डोळ्यापुढे येत. जहाजाच्या डोलकाठीचा वरचा तुकडा खालच्याशी जुळेपर्यंत चक्री फिरवायची. जुळला की अंतर वाचायचं. त्रिकोणमिती तीच, मोजणीखात्यात चालते ती. मर्म नळीच्या लांबीत. नळी आखूड असली की दूरचा अंदाज चुकतो, म्हणून युद्धनौकांवर या नळ्या मीटरच्या मीटर लांब होत गेल्या. खांद्यावरून जंगलात न्यायची ही वस्तू नव्हे.

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमनने कॅलिफोर्नियात ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने अंतरमापक उभा केला. कल्पना साधी: प्रकाशाचा ठोका सोडा, परत यायला किती वेळ लागला ते मोजा, निम्मं करा. अडचण वेळ मोजण्यात. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटीमीटर जातो. मीटरभराचा फरक कळायला जाऊन-येऊन पावणेसात नॅनोसेकंद पकडावे लागतात. १९६२मध्ये ठोका अतिशय आखूड आणि जोरकस करण्याची युक्ती सापडली. त्याच वर्षी एमआयटीच्या लोकांनी चंद्रावरून लेझर परत आणून दाखवला.

लांब नळीची गरज संपली, तरी गिऱ्हाईक तेच राहिलं. १९७०च्या दशकात ब्रिटिशांच्या चीफ्टन रणगाड्यावर लेझर बसला, तोही बार अँड स्ट्राउडच्याच कारखान्याचा. आपल्याकडे देहरादूनच्या आयआरडीई या संरक्षण संस्थेने असे मापक घडवले. अर्जुन रणगाड्याच्या तोफेला लेझरचं अंतर मिळतं. हे सगळे डोळ्याला घातक होते. पुढे अर्धवाहकाचा, ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, अदृश्य आणि सौम्य लेझर स्वस्त झाला, तेव्हा कुठे यंत्र तळहातावर आलं. १९९२मध्ये लायका कंपनीने जिओविड ही अंतर सांगणारी दुर्बीण काढली, आणि त्याच दशकात अमेरिकेत बुशनेल कंपनीने हे यंत्र शिकाऱ्यांच्या आणि गोल्फवाल्यांच्या खिशात घातलं.

आपल्या मुलखात ते आलं ते देहरादूनच्याच दुसऱ्या एका दाराने. भारतीय वन्यजीव संस्था तिथेच आहे. २००६पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत ताडोबा-मेळघाटात वनरक्षक सकाळी आखलेल्या सरळ रेषेवरून, साधारण दोन किलोमीटर, चालतात. सांबरासारखं वाघाचं भक्ष्य दिसलं की किती, कुठल्या दिशेला आणि किती लांब, एवढं टिपायचं. होकायंत्राने कोन, लेझरने अंतर. ६० मीटरवर ३० अंशांच्या कोनात कळप असेल, तर तो रेषेपासून ३० मीटर बाजूला. अशा नोंदींवरून किती जनावरं नजरेतून सुटली असतील याचा हिशोब बसतो आणि दर चौरस किलोमीटरची घनता निघते. नुसत्या डोळ्याने सांगितलेलं अंतर इथे घात करतं, कारण माणूस नेहमी २०, ५०, १०० असंच सांगतो. ३७ कुणी म्हणत नाही. सांबर तर पाहता पाहता पळतं. मग ते पहिल्यांदा जिथे उभं होतं त्या झाडाच्या बुंध्यावर यंत्र धरायचं.

म्हणून इथल्या माणसाने घ्यायचंच ठरवलं, तर खोक्यावरचे २,००० यार्ड विसरावेत. तो आकडा चकचकीत पाटीचा असतो. मळकट केसाळ अंगावरून प्रकाश कमी परततो, जनावरासाठी पल्ला बऱ्याचदा निम्म्यावर येतो. आणि सागाच्या रानात शंभर मीटरपलीकडे दिसतं तरी काय? पाहायचं ते किरण किती पसरतो. दोन मिलिरेडियन पसरणारा किरण ५०० मीटरवर मीटरभर रुंद होतो, अर्धा चितळावर आणि अर्धा मागच्या गवतावर. जवळच्या फांदीला सोडून मागचं अंतर दाखवण्याची सोय हवीच. ती नसेल तर यंत्र इमानाने कारवीच्या झुडपाचं अंतर सांगत बसेल. खानवेलच्या चढउतारासाठी आडवं अंतर काढून देणारं असेल तर चांगलं. पावसाळी धुक्यात मात्र महागडंही बिचकतं. शिवाय यातल्या बऱ्याच यंत्रांना सीआर२ बॅटरी लागते. नेहमीच्या पेन्सिल सेलसारखी ती कोपऱ्यावरच्या दुकानात हमखास मिळत नाही, तेव्हा यंत्राबरोबरच दोन जास्तीच्या मागवून ठेवाव्यात.