रिकव्हरी ड्राइव्हचा कुलवृत्तांत

नवा लॅपटॉप घरात आला त्याच संध्याकाळी, पुढेमागे त्याची प्रणाली कोलमडली तर हाताशी रिकव्हरी ड्राइव्हची तजवीज असावी म्हणून, मी ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह त्यास जोडला. आणि अपुऱ्या स्टँपाचा अर्ज मामलेदार कचेरीतील कारकुनाने परत करावा तितक्या निर्विकारपणे त्या यंत्राने तो नामंजूर केला.

या नामंजुरीचे मूळ शोधू गेल्यास वंशावळ १९७१ सालापर्यंत पोहोचते. आयबीएमची आठ इंची फ्लॉपी पुढे लोकांची पत्रे आणि हिशेब वाहू लागली हे खरे. परंतु वीज जाताच सिस्टिम/३७० मालिकेतील संगणक ज्या मूलभूत सूचना विसरत, त्या त्यांना पुन्हा पढविणे हेच तिचे जन्मप्रयोजन होते, आणि त्यास सुमारे ८० किलोबाइटांची जागा पुरत असे. १९९५ साली ‘एल टोरिटो’ या नियमावलीने यंत्र सुरू करून देण्याचा अधिकार सीडीस दिला. पुढे उत्पादकांनी चकतीचाही खर्च वाचवून प्रणालीची प्रत हार्ड डिस्कच्याच एका गुप्त कप्प्यात ठेवली. म्हणजे तिजोरी फुटली तर तिची किल्लीही तिच्यासवे जावी, अशी ही व्यवस्था झाली, आणि बाहेर प्रत काढून ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाच्या माथी आली. २०१२च्या विंडोज ८ने ती प्रत पेनड्राइव्हवर काढण्याची सोय केली.

अडचणींचा उगमही याच इतिहासात आहे. प्रणालीच्या फायलींसह प्रत हवी असल्यास ८ जीबी अपुरे पडतात, किमान १६ लागतात. पेनड्राइव्हची मांडणी १९९६च्या फॅट३२ पद्धतीची करावी लागते, कारण ‘यूईएफआय’ या आरंभ-व्यवस्थेची यंत्रे सुरू होताना हमखास वाचतात ती तीच. पेनड्राइव्ह मोठा असूनही नकार आला, तर गुप्त कप्प्यातील विंडोजचे दुरुस्ती-साधन ‘विनआरई’ बंद पडले आहे काय हे ‘रीएजंट-सी’ या आज्ञेने पाहावे, आणि बंद असल्यास त्याच आज्ञेने ते चालू करावे.

माझे काम अखेर ३२ जीबीच्या पेनड्राइव्हने झाले. वाचकांस विनंती एवढीच, की ही प्रत यंत्र धडधाकट असतानाच करावी, आणि पेनड्राइव्हवरील जुना मजकूर आधी अन्यत्र हलवावा. कारण या कामात तो समूळ पुसला जातो.