पाठीवरचं नाव

आमच्या कोंडाण्याला (सिंहगड नव्हे, कर्जतजवळचं कोंडाणे!) येऊन गेलेल्या नातेवाइकांना माझं हे वेड ठाऊक आहे. ओटीवरच्या भिंतीला अकरा प्लेटा टांगल्यात. सगळ्या इटलीच्या, १९५०-६० च्या सुमाराच्या, आणि सगळ्यांवर फळं. पेअर, द्राक्षं, लिंबं, अंजिरं. आई म्हणते, "जेवायच्या नाहीत, तर पुसायच्या तरी कशाला?"

चोरबाजारात प्लेट हातात आली की मी आधी ती पालथी करतो. पाठीवर 'इटली' एवढंच आणि एक आकडा, तोही बहुधा नमुन्याचा. हा 'इटली' शब्दसुद्धा कौतुकानं लिहिलेला नाही. अमेरिकेनं १८९० साली कायदा केला, की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवंच. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या कुंभारगावांचा पुष्कळ माल अमेरिकेच्या दुकानांत जात होता. त्यातलंच एक नोवे, ब्रेंटा नदीकाठचं. तिथे अठराव्या शतकात अँतोनिबॉन घराण्यानं कारखाना काढला होता. मातीत फळं घडवायची परंपरा तर त्याहून जुनी. फ्लॉरेन्सचा लुका देल्ला रोब्बिया १४८२ साली वारला, त्याच्या कामातही चकाकत्या मातीच्या फळांच्या माळा आहेत.

या कलेचं नाव मायोलिका. भाजलेल्या मातीवर कथलाचा पांढरा लेप देतात आणि तो कच्चा असतानाच रंगवतात. लेप रंग लगेच पितो. खोडायची सोय नाही. म्हणून कुंचल्याचा फटकारा जसाच्या तसा राहतो, माणसाच्या अक्षरासारखा. अक्षर दिसतं, पण सही नाही!

असं फक्त इटलीत होतं असं नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी मातीकामाचा विभाग सुरू केला, पुढे 'वंडरलँड आर्ट पॉटरी'ही काढली. अजिंठ्याच्या चित्रांतली नक्षी त्या भांड्यांवर उतरली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या संग्रहात ती आहेत. टेरींचं नाव आपण घेतो. प्रत्यक्ष कुंचला धरणाऱ्या पोरांची नावं कोण घेतो?

मला हे का टोचतं ते सांगतो. माझे काका मुंबईतल्या एका चिनी मातीच्या कारखान्यात कपबश्या रंगवायचे. बावीस वर्षं. कारखाना बंद पडला, काका गेले, आणि घरात त्यांच्या हातची एकही बशी नाही. आपलाच माल विकत घेऊन ठेवावा हे कुणाला सुचलंच नाही. शोधायला गेलो तर पाठीवर शिक्का कारखान्याचा. त्या शोधात या इटालियन प्लेटा गळ्यात पडल्या, असो.

आमच्या गावावरून राजमाचीच्या पायथ्याच्या लेण्यांकडे वाट जाते. पावसाळ्यात धबधब्यापायी गर्दी करणारे चैत्यगृहाच्या दर्शनी भागातला शिलालेख क्वचितच बघतात. दोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरं: कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. बस्, एवढंच. राजाचं नाव नाही, दात्याचं नाही, छिन्नी धरणाऱ्याचं आहे. आणि सोबत गुरूचं! लहानपणापासून मी तिथं जातोय, पण ह्या ओळीचा अर्थ मला काका गेल्यावर कळला.

काका डावरे होते. म्हणून मी आता बश्यांवर पानाचा फटकारा कुठून सुरू होतो ते बघतो. मागच्या वर्षी एक सापडली, त्याच कारखान्याची, फटकारे उजवीकडून. पुराव्याला तेवढं पुरत नाही, मला कळतं. तरी काकूकडे घेऊन गेलो. तिनं ती पदरानं पुसली, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "देठ असाच काढायचे."

तिनं ती पालथी करून पाहिलीही नाही.