प्लाझ्माब्लास्टिक लिंफोमा

प्लाझ्माब्लास्टिक लिंफोमा : बी-लसीका पेशींचा दुर्मिळ व अतिशय वेगाने वाढणारा कर्करोग. डेलेक्लूज व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. त्यांच्या १६ रुग्णांच्या गाठी तोंडात होत्या आणि त्यांतील १५ जण एचआयव्हीबाधित होते. हिरडीवरची सूज किंवा हलणारा दात एवढीच सुरुवात असू शकते. ती दाताची तक्रार समजली गेली, की आठवडे वाया जातात आणि या रोगात तेवढी सवड नसते. जठर, आतडे, हाडे, त्वचा येथेही तो उद्भवतो.

बहुतेक गाठींत एपस्टाइन-बार विषाणू सापडतो. सुमारे निम्म्यांत एमवायसी जनुकाची पुनर्रचना दिसते. पेशींवर प्लाझ्मा पेशींचे सीडी-१३८ हे चिन्हक असते, सीडी-२० मात्र जवळजवळ नसते. निदानातली खरी अडचण इथेच आहे : नेहमीची बी-पेशी चिन्हकेच तपासली, तर रोग हुकतो किंवा मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) वाटतो. सीडी-२० वर काम करणारे रिटक्सिमॅब हे औषधही त्यामुळे सहसा निरुपयोगी ठरते. ईपॉक या औषधसंचासारखे तीव्र रसायनोपचार आणि काही रुग्णांत जोडीला बोर्टेझोमिब हे औषध देतात. एचआयव्हीविरोधी औषधे या काळातही चालू ठेवणे आवश्यक असते. एचआयव्हीबाधिताच्या तोंडात वाढणाऱ्या गाठीचा तुकडा तपासणीस पाठवण्यास उशीर करू नये.