गडचिरोली : शांतता आणि ग्रामसभांची भागीदारी

केंद्र सरकारने २०१८ मध्ये निवडलेल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांत विदर्भातील वाशिम व गडचिरोली यांचा समावेश झाला. वाशिमच्या मालेगावसारख्या तालुक्यात मागासलेपणाचे मूळ कोरडवाहू शेतीत आहे. गडचिरोलीत मात्र त्याला चार दशकांच्या सशस्त्र संघर्षाची जोड मिळाली.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. त्याआधीच आंध्रातील नक्षलवादी गट या जंगलपट्ट्यात उतरू लागले होते. तेंदूपत्ता व बांबूतोडीच्या मजुरीतील पिळवणूक आणि वनखात्याचा जाच, हे त्यांचे पहिले भांडवल होते. त्यामुळे शांततेचा प्रश्न येथे केवळ बंदोबस्ताचा नव्हता. जंगलाच्या उत्पन्नावर हक्क कोणाचा, हाही प्रश्न त्यात होता.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने त्याचे उत्तर शोधले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा सर्वश्रुत आहे. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचे साहाय्य यांतून तेथे एकमताने निर्णय घेणारी ग्रामसभा उभी राहिली. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि बांबू हे गौण वनोपज आहे, असे कायद्यात स्पष्ट असूनही वाहतूक परवान्याचा अधिकार वनखात्याकडेच राहिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली. एका पुस्तिकेसाठी मुख्यमंत्र्यांना गावापर्यंत यावे लागले, हे विसरता येत नाही. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करू लागल्या.

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखाणीचा मार्ग वेगळा होता. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथील अनेक वाहने जाळली. २०२१ पासून उत्खनन पुन्हा सुरू झाले. रोजगार आला, पण खाणींबाबत ग्रामसभांना विचारले जात नाही, ही तक्रारही आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीचे भय ओसरले, तरी ती तक्रार त्यामुळे निकालात निघालेली नाही.