मुखवट्याआडचा वैद्य

मानसोपचाराच्या इतिहासांत २ मे १९७२ हा दिवस आम्ही महत्त्वाचा मानतों. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचींत तेव्हां समलिंगी प्रेम हा विकार गणला जाई. सबब सल्ल्यासाठीं गेलेल्या पुरुषास बहुधा आधाराऐवजीं रोगाचें नांव मिळे, प्रसंगीं विजेचे झटकेही. त्या दिवशीं संघटनेच्या डल्लास येथील अधिवेशनांत जॉन फ्रायर मुखवटा घालून, आवाज पालटणाऱ्या ध्वनिक्षेपकावरून बोलले, कीं आपण समलिंगी असून मनोविकारतज्ज्ञही आहों. यांत नाटकीपणा पाहणें अन्यायाचें होईल. याच कारणास्तव त्यांची जागा पूर्वीं गेली होती. इतर समव्यवसायी मुखवट्यानेंही आले नाहींत. त्यांचीं पत्रें बार्बरा गिटिंग्ज यांनीं वाचून दाखविलीं. वैद्यासच तोंड लपवावें लागे, तेथें दुःखितानें मन कोणापुढें उघडावें? डिसेंबर १९७३ मध्यें ती नोंद वगळली गेली. फ्रायर यांनीं आपलें नांव १९९४ सालीं प्रकट केलें.